कथनपरंपरेचे अध्यापन आणि अनुदानाचे स्वरूप : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

कथा हा विषय एका विभागाचा नाही. मराठी विभाग तिचा संहिता म्हणून अभ्यास करतो, इतिहास विभाग तिच्याकडे साधन म्हणून पाहतो, तर समाजशास्त्र तिच्यात समूहजीवनाचा शोध घेते. मात्र कथा सांगणारी व्यक्ती या विभागणीत कोठेच बसत नाही. विद्यापीठीय अनुदानाच्या रचनेने ही उणीव कशी दृढ केली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाशिकच्या इंदिरानगर परिसरापासून जवळच असलेल्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, या विचारास उपयुक्त असा एक पुरावा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्र. 10 मधील लेखात 3000 कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद केली आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती. पैकी 2000 वर दरमहा शेकडा 1 व 1000 वर शेकडा पाऊण व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती. 2000 च्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. वर्षाचे व्याज 240 होते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. हे दान कथनासाठी नव्हते, हे उघड आहे. लक्षात घ्यावयाचे ते त्याचे स्वरूप : मुद्दल अबाधित आणि खर्च माणसाच्या निर्वाहावर.

आधुनिक अनुदानाची रीत याच्या उलट दिसते. 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने जयकर व्याख्यानमालेद्वारे वक्ते गावोगावी पोहोचविले, ही मोलाची कामगिरी होय. परंतु व्याख्यान हे अभ्यासक्रमाबाहेरचेच राहिले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने महाराष्ट्रभर श्रोते मिळविले. मिरासदार तर स्वतः मराठीचे प्राध्यापक होते! तरीही कथाकथन वर्गात आले नाही. ते स्नेहसंमेलनाच्या मंचावरच थांबले.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अकराव्या योजनेत (2007-12) करिअरोन्मुख अभ्यासक्रमांसाठी महाविद्यालयांना बीजनिधी उपलब्ध झाला. मानव्यविद्या व वाणिज्य शाखांना प्रतिअभ्यासक्रम 7 लाख, तर विज्ञानाला 10 लाख रुपये. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, हे समर्थन मान्य करता येईल. पण कथनाची प्रयोगशाळा म्हणजे कथेकरी स्वतःच. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, सोबत संगीत आणि अभिनय असे कीर्तनाचे जे अंतरविद्याशाखीय रूप आहे, ते ध्वनिफितीवरून पूर्णतः शिकविता येत नाही. निधीतून ग्रंथ व उपकरणे घेता येत. अतिथी अध्यापकाचे मानधन मात्र मर्यादेतच. शिवाय पाच वर्षांनंतर अभ्यासक्रम स्वबळावर चालावा, अशी अपेक्षा होती. मानव्यविद्येच्या अभ्यासक्रमाने हे बळ कोठून आणावे, याचे उत्तर योजनेत नव्हते.

आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. औपचारिक पदवीची अट शिथिल झाली आणि साहित्य व ललित कलांचाही त्यांत समावेश झाला. हा बदल स्वागतार्ह आहे. पदवी नसलेला गोंधळी नियमाने वर्गात येऊ शकतो. परंतु मंजूर पदांच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे आणि नियुक्ती एका संस्थेत सामान्यतः तीन, अपवादाने चार वर्षांपर्यंतच. खर्चाचे मार्गही तीन : उद्योगांनी द्यावा, संस्थेने स्वतः करावा, अथवा व्यक्तीने मानद स्वरूपात काम करावे. गोंधळ्यासाठी कोणता उद्योग पुढे येणार? उरते ते मानद काम. ज्यांचा उदरनिर्वाहच कलेवर आहे, त्यांच्याकडून ही अपेक्षा बाळगणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार भारतीय ज्ञानप्रणाली व खुले वैकल्पिक विषय यांना श्रेयांक मिळाले आहेत. वेळापत्रकात जागा झाली, ही निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी गोष्ट महाविद्यालयांच्या हाती आहे : माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून छोटी का होईना मुदत ठेव उभारावी, तिचे मुद्दल मोडू नये आणि दरवर्षीचे व्याज एका कथेकऱ्याच्या सत्रभराच्या मानधनासाठीच राखावे. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या तिन्ही विभागांनी ते सत्र मिळून घ्यावे. व्यवस्थापनापुढे प्रस्ताव मांडताना उषवदाताच्या लेखाची प्रत सोबत जोडण्यास हरकत नसावी.