राचोलचें विद्यालय व ख्रिस्तपुराण

विद्यालयांच्या इतिहासांत इमारती व प्रमुखांच्या नामावळ्या येतात. परंतु तेथें गुरूनें शिष्याची भाषा किती आत्मसात केली, हें क्वचितच नोंदलेलें असतें. गोमंतकांतील सासष्टी प्रांतीं राचोल येथें जें जेझुइट विद्यालय होतें, त्याचें महत्त्व याच दृष्टीनें आहे.

हें विद्यालय प्रथम इ. स. १५७४ त मडगांवीं स्थापन झालें व पुढें राचोलास आलें. तेथील इमारतीचा पाया १६०६ त घातला जाऊन काम १६१० त पुरें झालें. मुलांस वाचन, लेखन, संगीत व धर्मपाठ, आणि पाद्र्यांस नीतिशास्त्र व देशभाषा, असा तेथील क्रम होता.

१५७९ त गोव्यास आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स कांहीं काळ या विद्यालयाचे प्रमुख होते. धर्मपाठ चालूं असतां एक ब्राह्मण विचारतो, 'आमचीं पूर्वींचीं पुराणें बंद केलींत. तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं?' या आशयाचा प्रसंग त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं आहे. सुमारें ११,००० ओव्यांचा हा मराठी ग्रंथ त्या प्रश्नाचेंच उत्तर होय. तो १६१६ त राचोल येथें, मात्र रोमी लिपींत, छापला गेला. स्टीफन्सकृत कोंकणी व्याकरणहि त्यांच्या निधनानंतर १६४० त तेथेंच छापलें गेलें.

पुढें १६८४ त लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम व्हाइसरॉयनें काढला. १७५९ त जेझुइटांची हकालपट्टी झाली. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत ज्ञात नाहीं. सालढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें हस्तलिखितांवरूनच ग्रंथ पुन्हां छापिला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी पोथी आढळली, आणि १९५६ त शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली.

प्रस्तुत लेखक बुलढाणा जिल्ह्यांतील आहे. मेहकर-लोणारच्या परिसरांत श्रीचक्रधरांचा संचार झाला. त्यांच्या पंथाचे मराठी ग्रंथ सकळादि सांकेतिक लिप्यांमुळें दीर्घकाळ अभ्यासकांस अगम्य राहिले. राचोलचें मराठीहि असेंच परक्या वेषांत राहिलें. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या घरांतील रोमी अक्षरांचें बाड पोर्तुगीज समजून बाजूस सारण्यापूर्वीं त्यांतील चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवीची चाल कानास तत्काळ ओळखूं येते.