निर्भार गती, मोटार एंजिनाची
गाडी उभी असता, गिअर न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना एंजिन ज्या किमान वेगाने अखंड चालू राहते, त्या वेगास निर्भार गती म्हणतात. गॅरेजमध्ये तिला ‘आयडलिंग’ हाच शब्द रूढ आहे. मोटारगाडीच्या एंजिनात ती सामान्यपणे मिनिटाला सु. ७०० ते ९०० फेरे असते. या अवस्थेत एंजिनाकडून उपयुक्त कार्य होत नाही; जळलेले इंधन एंजिनातील घर्षण, तेलाचा पंप, डायनामो वा आल्टर्नेटर यांवरच खर्च होते. तरीही एंजिनाचे आरोग्य या गतीवरून जितके कळते तितके भरधाव वेगात कळत नाही, कारण वेगात झाकले जाणारे दोष येथे उघडे पडतात.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत ही गती चालकच राखीत असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८) ठिणगीची वेळ व थ्रॉटल यांच्या दांड्या सुकाणूच्या चाकाखाली बसविलेल्या होत्या आणि त्या हाताने सरकवाव्या लागत. पुढे कार्ब्युरेटरमध्ये निर्भार गतीसाठी स्वतंत्र मार्ग आला व तिचे नियमन दोन स्क्रूंवर सोपविले गेले. एक स्क्रू थ्रॉटलची झडप किती उघडी राहावी हे ठरवितो, तर दुसरा हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाचे प्रमाण. झडप जवळजवळ बंद असल्याने सिलिंडरात नवे मिश्रण थोडे जाते आणि आधीचे जळके वायू त्यात तुलनेने अधिक मिसळतात. असे मिश्रण नीट पेटावे म्हणून जुन्या एंजिनांना पेट्रोल काहीसे जास्त द्यावे लागे. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. हवा त्याहून कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. उभ्या गाडीचा धूर अधिक विषारी का, याचे कारण बव्हंशी येथे आहे.

मुंबईत या दोन स्क्रूंचा सर्वाधिक संबंध आला तो प्रिमियर पद्मिनी या गाडीशी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रिमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होई. १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन आणि सोलेक्स कार्ब्युरेटर ही तिची रचना इतकी सुटसुटीत होती, की कुर्ल्यापासून भांडुप, नाहूर, मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कोणत्याही कारागिरास ती पाठ असे. एंजिन गरम करावयाचे, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून फेरे सर्वाधिक होतात ती जागा शोधावयाची, मग थ्रॉटलचा स्क्रू सैल करून वेग खाली आणावयाचा, अशी रीत होती. मोजमाप कानाचे होते. अनुभवी कान बहुधा चुकत नसे. मात्र त्याला एंजिनाचा सुरळीतपणा कळे, धुरातील कार्बन मोनॉक्साइड कळत नसे.

कानाच्या जागी उपकरण आले ते कायद्याने. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाने पेट्रोलवरील चारचाकी वाहनाच्या निर्भार गतीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण आकारमानाने ३ टक्क्यांहून अधिक नसावे, असे ठरविले. डीझेल वाहनांसाठी मुक्त प्रवेगातील धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके अशी आली. वाहनाजवळ ‘पीयूसी’ प्रमाणपत्र असणे सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २००४ पासून भारत स्टेज-२ व त्यापुढील पेट्रोल चारचाकींना ही मर्यादा ०·५ टक्के झाली व हायड्रोकार्बनांचीही मोजणी सुरू झाली. जुन्या गाड्यांना मात्र ३ टक्क्यांचीच मर्यादा राहिली. या चाचणीत एक उणीव उघड होती. पेट्रोल गाडीची तपासणी केवळ निर्भार गतीला होत असल्याने मिश्रणाचा स्क्रू तेवढ्यापुरता आवळला तरी गाडी उत्तीर्ण होऊ शके. चालत्या गाडीचा धूर त्यामुळे सुधारत नसे. भारत स्टेज-४ च्या पेट्रोल गाड्यांसाठी मिनिटाला सु. २,५०० फेऱ्यांची दुसरी तपासणी जोडण्यात आली, ती ही पळवाट ध्यानात घेता योग्यच म्हटली पाहिजे.

टर्बोभारित एंजिनामुळे निर्भार गतीच्या प्रश्नास वेगळे वळण मिळाले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टरबाइन फिरवून त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. जहाजे व आगगाड्यांची डीझेल एंजिने यांत ती प्रथम स्थिरावली. मोटारगाड्यांत ती १९६२ मध्ये ओल्ड्‌समोबिल जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाड्यांतून आली. बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) व साब ९९ टर्बो यांनी ती यूरोपात रुजविली. मर्सिडीझ-बेंझची ३०० एसडी (१९७८) ही टर्बो-डीझेल मोटारगाडी होय. टर्बोचा दंड पूर्ण भाराखाली मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. निर्भार गतीला मात्र धूर इतका थोडा असतो, की जादा दाब निर्माणच होत नाही. म्हणजे उभी टर्बो गाडी ही वस्तुतः टर्बोविना गाडी असते. पेट्रोल एंजिनात भर अशी, की जादा दाबाखाली एंजिन ठोकू नये म्हणून संपीडन गुणोत्तर बहुधा कमी ठेवीत (बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत ते अवघे ६·९ : १ होते), त्यामुळे दाब नसताना असे एंजिन साध्या एंजिनाहूनही मंद वाटे.

जुन्या टर्बो गाडीत हवेचा मार्ग लांब असतो. रबरी नळ्या, त्यांच्या पट्ट्या, गॅस्केटे यांपैकी एखादी जागा फुटली की आतील हवेचे मोजमाप बिघडते. बॉशच्या के-जेट्रॉनिकसारख्या पद्धतीत इंधनाचे प्रमाण आत येणाऱ्या हवेच्या मापावर ठरत असल्याने मापकाच्या पुढे शिरलेली हवा हिशोबात येत नाही, मिश्रण पातळ होते व एंजिन डळमळू लागते. अशा वेळी स्क्रू फिरवून वेग वाढविला तर डळमळ थांबते, दोष तसाच राहतो. म्हणून गळती, झडपांचे अंतर, स्पार्क प्लग व ठिणगीची वेळ तपासल्यावरच स्क्रूला हात लावावा, हा नियम टर्बो गाड्यांच्या बाबतीत अधिक कडकपणे पाळावा लागतो.

महाराष्ट्रात टर्बो मोटारगाडी सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली ती डीझेलच्या रूपाने. टाटांची पुण्यात बनलेली सफारी (१९९८) आणि महिंद्रांची नाशिक येथे बनलेली स्कॉर्पिओ (२००२) ही त्याची ठळक उदाहरणे. डीझेल एंजिनाच्या हवेच्या मार्गात कार्ब्युरेटर नसतो; वेग इंधनाच्या मात्रेवर अवलंबून असतो व यांत्रिक पंपातील गव्हर्नर ती मात्रा राखतो. पंपाच्या तरफेस अडविणारा स्क्रू ही येथील निर्भार गतीची एकमेव जुळणी. कमाल वेगाचा व कमाल इंधनाचा असे दोन स्क्रू शेजारी असतात, त्यांना हात लावावयाचा नसतो. गती फार उतरविल्यास एंजिन थरथरते व तेलाचा दाब घटतो. फार चढविल्यास इंधन वाया जाते. इंधनात शिरलेली हवा वा झिजलेले नोझल यांमुळे आलेली थरथर स्क्रूने घालविता येत नाही. बराच वेळ उभ्या गाडीतून निळा धूर येऊ लागल्यास टर्बोच्या सीलमधून तेल शिरत असल्याची शंका घ्यावी. धूर-चाचणीत पेडल एकदम दाबले की इंधन तत्काळ वाढते, हवा मात्र टर्बो वेग घेईपर्यंत मागे राहते व काळा धूर निघतो. हे टाळण्यासाठी अनेक पंपांवर हवेच्या दाबानुसार इंधन रोखणारा पडदा असतो. ‘पिकअप’ वाढविण्यासाठी त्याची जुळणी बिघडविण्याची सवय सर्वांत हानिकारक होय.

टर्बोचे बेअरिंग एंजिनाच्या तेलावर तरंगते. चढ चढून वा भरधाव येऊन एंजिन लगेच बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टरबाइनाजवळचे तेल करपून कोळसा बनते. म्हणून जुन्या टर्बो गाड्या बंद करण्यापूर्वी मिनिटभर निर्भार गतीने चालू ठेवण्याची शिफारस होती. इंधनबचत व स्वच्छ हवा यांचे मत नेमके याच्या उलट. बंद करण्याआधीचे काही अंतर गाडी सावकाश चालविली तर टर्बो वाटेतच निवतो व उभ्याने धूर सोडण्याचे कारण उरत नाही. हा मार्ग दोहोंस मानवणारा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या बेअरिंग-कवचामुळे नंतरच्या पेट्रोल गाड्यांत ही अडचण बरीच कमी झाली.

नाहूरच्या उत्तरेस मुलुंड येथे शहराच्या सीमेवर जकात व पथकर यांसाठी वाहने वर्षानुवर्षे थांबत आली. जकात १ जुलै २०१७ रोजी संपुष्टात आली, तर हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ मध्ये नाहीशी झाली. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज-६ च्या गाड्यांत निर्भार गती संगणकीय नियंत्रक राखतो; वातानुकूलन सुरू झाले वा बॅटरी उतरली तरी तो फेरे स्वतः सावरतो आणि कारागिराने फिरवावा असा स्क्रू त्या गाड्यांत ठेवलेला नाही.