झिजलेल्या नळीचे काय करायचे?

रायफल म्हातारी होते ती नळीकडून. लाकडी दस्त्याला तेल पाजून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येतो, बोल्ट आणि चाप बदलता येतात. पण नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खाचा प्रत्येक गोळीबरोबर कणाकणाने झिजत असतात. या खाचांमुळेच गोळी स्वतःभोवती गरगरत सरळ जाते. त्या झिजल्या की गोळी हवेत डोलू लागते आणि लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते. मग आर्मरर गेज घालून नळी तपासतो, ती बाद ठरवतो आणि नवी बसवतो. प्रश्न उरतो तो जुन्या नळीचा.

ही झीज किती महत्त्वाची, हे शस्त्रांच्या नावांतूनच कळते. ब्रिटिश लष्कराने १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीत मेटफर्डच्या पद्धतीच्या सात उथळ, गोलसर कडांच्या खाचा होत्या. काळ्या बारुदीला त्या पुरत. पण लवकरच कॉर्डाइट ही बिनधुराची बारूद आली. तिच्या प्रखर आचेने त्या खाचा पाहता पाहता पुसल्या जाऊ लागल्या. म्हणून १८९५ मध्ये पाच खोल खाचांची नळी आली आणि रायफलीचे नाव झाले ली-एनफील्ड. आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. तरीही झीज थांबली नाही. काडतूस बसते त्या खोलीपुढचा भाग आचेने खाल्ला जाई, तर तोंडाकडचा भाग शिपायाच्या पुल-थ्रूची दोरी तिरपी ओढल्याने घासला जाई. म्हणजे वापराने नळी झिजे आणि निगा राखण्यानेही झिजे.

पण बाद नळी म्हणजे निव्वळ भंगार नव्हे. चांगल्या पोलादाला आरपार सरळ छिद्र पाडणे हेच नळी घडवण्यातले अवघड काम, आणि ते आधीच झालेले असते. त्यामुळे कारखान्यापुढे दोन वाटा राहतात. छिद्र मोठे करून आत नव्या खाचांची बारीक नळी अस्तरासारखी बसवायची, किंवा उरल्यासुरल्या खाचा खरवडून नळी गुळगुळीत करून टाकायची. पहिल्या वाटेने लहान मापाची पण अचूक रायफल मिळते. दुसऱ्या वाटेने मिळते ती जवळच्या माऱ्याची बंदूक. कोणत्या हातांसाठी कोणती वाट निवडली, हे पाहू लागलो की यंत्रशाळेतला हा प्रश्न राजकारणाचा होतो.

हिंदुस्थानात दुसऱ्या वाटेची सुरुवात झीज होण्याची वाट न पाहताच झाली. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आणि तिची चरबी लावलेली काडतुसे यांचा १८५७ शी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले ते सहसा सांगितले जात नाही. या रायफलीची घोडी ९०० यार्डांपर्यंत नेम धरण्यासाठी आखलेली होती. उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी १८५८ चा नमुना निघाला. तो दिसायला तीच एनफील्ड. पण आतल्या तीन खाचा खरवडून टाकलेल्या, छिद्र.५७७ इंचावरून .६५६ इंच केलेले आणि लांब पल्ल्याच्या घोडीऐवजी साधा ठोकळा बसवलेला. अशा गुळगुळीत नळीचा नेम १०० यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. इतके खरवडल्याने नळीची भिंत पातळ झाली आणि ती सहज चेपू-फुगू लागली. म्हणून १८५९ च्या नमुन्यात जाड नळी द्यावी लागली. पुढेही हेच धोरण राहिले. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती स्नायडर होती, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी.

इंग्लंडमध्ये मात्र पहिल्या वाटेला बहर आला. बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) शेतकरी नेमबाजांनी ब्रिटिश सैन्याला जेरीस आणले, तेव्हा सामान्य नागरिकाला नेम शिकवला पाहिजे असा विचार जोर धरू लागला. गावोगावच्या .२२ मापाच्या रायफल क्लबांच्या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते होते लॉर्ड रॉबर्ट्‌स. त्यांचा जन्म कानपूरचा. १८५७ च्या धामधुमीत ते लढले होते आणि पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले होते. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर कंपनीने झिजलेल्या .३०३ नळ्या पोखरून त्यांत .२२ ची खाचदार नळी बसवण्याची पद्धत नावारूपाला आणली. वजन, दस्ता, बोल्ट सारे लष्करी रायफलीचे. फक्त काडतूस स्वस्त आणि धक्का नगण्य. बाद नळी अशी नागरिकाची शिक्षिका झाली.

त्याच .३०३ नळीचे इकडे काय झाले? कोलकात्याजवळ इच्छापूरला विसाव्या शतकाच्या आरंभी रायफल कारखाना उभा राहिला. मंगल पांडेची बराकपूर छावणी तिथून जेमतेम काही मैलांवर. या कारखान्यात ली-एनफील्डच्या नळ्या .४१० इंचापर्यंत पोखरून गुळगुळीत केल्या गेल्या. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकून दहा काडतुसांची रायफल एकबारी करण्यात आली. तिच्यासाठी .३०३ च्याच धर्तीचे, पण मान न आवळलेले पितळी काडतूस निघाले. त्यात छर्रे किंवा एकच शिशाची गोळी. ही ‘चारशे दहा मस्केट’ पोलीस आणि पहारेकऱ्यांना मिळाली.

यामागे फक्त संशय होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गर्दीच्या बाजारात .३०३ ची गोळी एका माणसातून दुसऱ्यात जाते. पोलिसाला मैलभर पल्ला नको असतो. शिवाय बाद नळी वापरात आणणे ही काटकसरच होती. पण मॅगझिनमध्ये ठोकलेल्या त्या ठोकळ्याला काटकसरीचे कारण पुरत नाही. बंदूक उद्या कोणाच्या हाती जाईल, किंवा हाच शिपाई ती कोणावर रोखेल, ही १८५८ ची धास्ती तिथे अजून शिल्लक दिसते.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही वाटा एकाच देशात नांदल्या. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना उभी राहिली. महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजकुमारांनी पहिली गोळी झाडली ती ‘पॉइंट टू टू’ने, आणि तिच्यात ली-एनफील्डचेच रूप होते. अगदीच निकामी रायफलींच्या नळीला भोक पाडून त्यांवर ‘डीपी’ अशी खूण झाली आणि त्या कवायतीच्या खांद्यावर गेल्या. पोलिसांच्या हाती मात्र चारशे दहा मस्केट पुढे कित्येक दशके राहिली. राज्य बदलले, नागरिकाला शिपाई मानणारी छात्र सेना आली, पण ठोकळा ठोकलेले मॅगझिन तसेच राहिले. ते का ठेवायचे, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही.

शस्त्रागाराच्या रॅकवर या बंदुका शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एरवी ओळखू येत नाहीत. लाकूड तेच, बोल्ट तोच, तोंडाची पितळी टोपीही तीच. कोणत्या नळीवर कोणता विश्वास टाकला होता, ते कळायला टोपी काढून आत डोकवावे लागते.