ठोक्याची शिल्लक कोणाची? संगणकाच्या वेगाचा इतिहास आणि आपला किनारा

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील, पण तो आपल्या अगदी जवळचा आहे. शाळेत, वाचनालयात, एखाद्या सोसायटीच्या कचेरीत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला कंपनीचा तयार संगणक असतो. आता तो रखडतो. नवा घ्यायला पैसे नसतात. मग कॉलेजात जाणारं एखादं हुशार पोर म्हणतं, ‘याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करूया, पळेल!’ करावा का? प्रश्न तंत्राचा वाटतो खरा, पण त्याच्या पोटात चाळीस वर्षांचा इतिहास आहे. आणि आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा एक जुना वादही आहे: वस्तूची मर्यादा वस्तूतच असते, की बाहेरून कोणी ठरवून देतं?

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते बघू. प्रोसेसर ठोक्यावर चालतो, नाटकातल्या दशावताराला मृदंगाचा ठेका असतो तसा. दर सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. कंपनीने छापलेल्या आकड्यापेक्षा जलद ठोके द्यायचे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

आता १९८१ साल घ्या. त्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता. पण तो चालवला ४.७७ वर. असा विचित्र आकडा का? तर अमेरिकन रंगीत टीव्हीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बोर्डावर बसवला होता आणि त्याला तीनने भागलं की ४.७७ येतात. बघा, पहिल्या पीसीचा वेग प्रोसेसरच्या ताकदीने ठरला नाही. खर्चाच्या आणि सोयीच्या हिशेबाने ठरला.

१९८४ मध्ये आयबीएमचा एटी आला, ६ मेगाहर्ट्झचा. लोकांच्या लक्षात आलं की १२ चा स्फटिक काढून १६ चा बसवला की तोच संगणक ८ वर पळतो. थोड्या पैशांत एक तृतीयांश वेग जास्त! कंपनीला हे रुचलं नाही. पुढच्या एटींच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रणालीत, वेगाची तपासणी आली. वेग जास्त दिसला की संगणक सुरूच होईना. तयार संगणकाला कुलूप लावायची चाल इतकी जुनी आहे.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले ‘असेंबल्ड’ संगणक आपल्याकडे आले. त्यांच्या बोर्डावर छोटे जंपर असायचे. ते हलवले की ठोका बदलायचा. या काळातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९८ चा सेलेरॉन ३००ए. मूळ ठोका ६६, गुणक साडेचार, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. मूळ ठोका १०० केला की सरळ ४५०. त्यातले पुष्कळ प्रोसेसर हा वेग बिनतक्रार सोसत. कितीतरी महाग पेंटियम टू ज्या वेगाने चालायचा, तोच हा वेग.

मग हे ४५० आले कुठून? सांख्य म्हणतील, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळू रगडून निघत नाही. इथे सांख्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. प्रोसेसर एकाच चकतीवर शेकड्याने बनतात, मग त्यांची परीक्षा होते आणि आकडे पडतात. आपल्या देवगडात एकाच बागेतल्या हापूसची प्रतवारी करून पेट्या भरतात, तसंच. बाजारात स्वस्त मालाला मागणी असली की चांगल्या फळावरही खालच्या प्रतीची चिठ्ठी लागते. याचा गैरफायदाही घेतला गेला: कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा आकडा छापून विकणारे निघाले. त्यांना आळा घालायचा म्हणून आणि आपला महाग माल सांभाळायचा म्हणूनही, इंटेलने गुणकाला कुलूप घातलं. २०११ च्या पिढीपासून तर ज्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ हे अक्षर असेल बहुधा त्याचाच गुणक मोकळा, आणि तोही ठरावीक बोर्डावर.

म्हणजे आपल्या वाचनालयातल्या संगणकाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं: बायॉसमध्ये तो पर्यायच नसतो. पण समजा असला, तर? हिशेब करू. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्याच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ठोका २० टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे वीज ४५ टक्के जास्त. ६५ वॅटचा प्रोसेसर ९४ वर गेला. तयार संगणकातला पंखा लहान, वीजपुरवठा बेताचा. त्यांनी कुठे जायचं?

आणि इथे आपला किनारा येतो. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर साठवर राहतो, तो मालवणच्या मे महिन्यात तेहतीस अंशांच्या खोलीत त्र्याहत्तरच्या आसपास जाणार. फार तापला की तो स्वतःच ठोका कमी करतो. वाढवलेला वेग हातात राहतच नाही. वर खारी दमट हवा जोडांना गंज चढवते. विजेचा दाब खालीवर होतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा विजेविना काढलेले दिवस आपण विसरलेलो नाही.

तर मुद्दा असा. छापील आकडा आणि खरी ताकद यांच्यामध्ये कंपनी जी शिल्लक ठेवते, तिचा काही भाग धंद्याचा असतो, हे आपण पाहिलं. पण काही भाग वाईटातल्या वाईट परिस्थितीसाठी असतो. धूळ, उकाडा, दमट हवा, डळमळती वीज, दहा वर्षांचा वापर. थंड खोलीत बसणारा हौशी माणूस ती शिल्लक वेगासाठी खर्च करतो. आपण ती रोज खर्च करतोच आहोत, यंत्र टिकवण्यासाठी. आपल्याकडे ती पडून नाही.

वेग वाढवायचा दुसरा रस्ता महाराष्ट्रातच दाखवला गेला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अमेरिकेकडून महासंगणक मिळणं अवघड होतं. इथल्या मंडळींनी एकच अतिवेगवान प्रोसेसर शोधला नाही. साधे ट्रान्सप्युटर एकत्र जोडून काम वाटून दिलं. आपल्या रापणीसारखंच. एका पैलवानाने ओढून जाळं किनाऱ्याला येत नाही, दोन्ही दोरांना माणसं लागतात. पुढे २००४ मध्ये इंटेललाही उष्णतेपुढे ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द करून एकाच चिपमध्ये अनेक गाभे घालण्याकडे वळावं लागलं.

मग त्या हुशार पोराला काय सांगायचं? ‘नको’ एवढंच सांगू नका. त्याला पेटी उघडू द्या. पंख्यातली धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायची, रॅम वाढवायची, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची. असे संगणक बहुतेकदा प्रोसेसरमुळे रखडत नाहीत, डिस्कची वाट बघत बसतात. हे सगळं नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात होतं, आणि भंगारात जाणारं यंत्र आणखी काही वर्षं मुलांच्या हाताखाली राहतं. यंत्र कुठे अडतंय हे त्या पोराने स्वतः शोधून काढलं, तर आपण त्याला ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठी गोष्ट शिकवली असं आम्ही समजू.

आता प्रश्न असतील तर घेऊया.