उतारावरचे गाव (जुन्नर–आंबेगाव)

उतारावरचे गाव : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या कड्यांखाली किंवा दोन कड्यांमधल्या चढावर वसलेले गाव अथवा वाडी. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिके आणि हिरड्याची वेचणी ही उपजीविकेची मुख्य साधने. बाहेरून आलेल्याच्या नजरेत आधी भरतो तो दगड : घराचे जोते, अंगणाच्या पायऱ्या, खाचरांच्या ताली, पाणवठ्याकडे उतरणारी वाट. म्हणून अशा गावाचे वर्णन बहुधा दगड, धुके आणि हिरवाई एवढ्यावरच संपते. पण या गावाची रचना कळायची तर दगडाआधी पाणी पाहावे लागते. उतारावरचे गाव म्हणजे पाण्याला अडवण्याची आणि वाट करून देण्याची व्यवस्था होय. ते टिकले तर या व्यवस्थेमुळे टिकते, आणि त्याच्यावर संकट येते तेही बहुधा पाण्याच्याच वाटेने.

याचे मूळ डोंगराच्या घडणीत आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्री बनला. त्यांतले कठीण थर उभे कडे होऊन राहिले, मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि अरुंद सपाट्या झाल्या. कड्याच्या माथ्यावर पडलेले पाणी खडकाच्या भेगांतून मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून झरा होऊन बाहेर पडते. त्याच पट्ट्यात झिजलेल्या खडकाची माती आणि कड्यावरून घरंगळलेले दगडगोटे साठतात. पिण्याचे पाणी आणि पिकाऊ माती एकत्र मिळते ती जागा हीच, म्हणून गाव तेथे बसले. मात्र ही माती खडकाला घट्ट धरून नसते. मुसळधार पावसात ती पाण्याने गच्च भरली, की तिचे वजन वाढते आणि पकड सुटते. गावाला पोसणारी आणि गावावर चालून येणारी माती एकच असते.

दगडात घर करण्याची याहून जुनी रीत याच परिसरात आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांत 200हून अधिक खोदकामे आहेत. त्यांतली बहुतेक इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत झाली. भिक्षूंच्या या वस्त्या मातीच्या उतारावर नाहीत, त्या उभ्या कठीण कड्यात आहेत, आणि जवळपास प्रत्येक समूहात राहण्याच्या खोल्यांशेजारी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याची नोंद जुन्नरच्या एका लेखात मिळते. पाण्याची सोय हे लेण्याइतकेच स्वतंत्र दान मानले जात होते, हे त्यावरून दिसते. शेतकऱ्याला मात्र कड्यात राहता येत नाही. त्याला माती हवी, म्हणून कड्याने दिलेली सुरक्षितता त्याला श्रमाने उभी करावी लागली.

या श्रमाचे नाव पडकई. उन्हाळ्यात चार घरांची माणसे एकत्र येत, उताराचा तुकडा खणून सपाट करत, निघालेल्या दगडांची ताल रचत आणि आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबत. अशा एकाखाली एक उतरत गेलेल्या खाचरांत भाताला पाणी साठते, आणि जादा पाणी तालीच्या ठरावीक ठिकाणाहून खालच्या खाचरात सोडले जाते. येथे आक्षेप निघू शकतो, की कुडाच्या भिंती आणि कौलांचे छप्पर असलेल्या गावाला दगडी गाव कसे म्हणावे? उत्तर असे, की येथे दगड भिंतीत कमी आणि जमिनीत अधिक आहे. जोते आणि ताल हेच या गावाचे खरे बांधकाम आहे.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे आणि तो आंबेगाव तालुक्यातल्या माळीणचा आहे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी सततच्या पावसानंतर डोंगराचा भाग घसरून गावावर आला. 151 माणसे मृत्युमुखी पडली. पुढे 2021 मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथेही असेच घडले. माळीणनंतर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला गेला, पडकईवरही बोट ठेवले गेले. परंपरेची बाजू घेताना हे टाळता येणार नाही. खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच असते, आणि घरांच्या वरच्या अंगाला मुरणारे पाणी उताराला कमकुवत करू शकते. पिढ्यान्‌पिढ्या लोक राहिले एवढ्यावरून जागा सुरक्षित ठरत नाही. हातांनी वर्षाकाठी थोडे थोडे होणारे काम आणि यंत्राने काही दिवसांत होणारे काम यांत फरक आहे. पण दोन्हींना लावायची कसोटी एकच : पाणी कुठे मुरते आणि कुठून बाहेर जाते?

मग अशी सगळीच गावे उठवावीत काय? माळीणचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे झाले आणि एप्रिल 2017 मध्ये पक्की घरे लोकांना मिळाली. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या वस्तीतील भराव खचला, रस्त्यांना आणि गटारांना तडे गेले. घरे नवी होती, पण उतार कापून भराव टाकला की पाण्याचा प्रश्न तेथेही उभा राहतो. जेथे धोका स्पष्ट आहे तेथून वस्ती हलवलीच पाहिजे. जीव प्रत्येक वारशाहून मोठा आहे. तरीही स्थलांतर हे पाण्याचा विचार टाळण्याचे साधन होऊ शकत नाही, आणि रान, हिरडा, खाचर यांपासून दूर नेलेले घर माणसाला पुन्हा त्याच उतारावर आणते. प्रत्येक उताराची स्वतंत्र पाहणी, घरांच्या वर चर काढून पाण्याला ओढ्याकडे वाट, भेगांवर व गढूळ झालेल्या झऱ्यांवर लक्ष आणि वेळेवर इशारा हा मार्ग कष्टाचा असला तरी खरा आहे.

अशा गावात जाणाऱ्यालाही हीच दृष्टी उपयोगी पडते. जोत्याचे घडीव दगड पाहावेत, मग नजर वर न्यावी : घरामागे खाचर आहे की झाडी, ताल कुठे फुगली आहे, ओढ्याची वाट मोकळी आहे की बुजली. माळीणला आज स्मृतिस्तंभ आहे. तो पाहून परतताना वाटेतल्या प्रत्येक वाडीच्या वरचा उतार पाहिला, तर त्या 151 जणांचे स्मरण जिवंत माणसांच्या उपयोगी पडते.