नऊ सेंटिमीटरची रात्र

रीडिंगच्या शेजारचं ट्वायफर्ड हे छोटं स्टेशन. तिथे न थांबणारी गाडी भोंगा वाजवत जाते, तेव्हा जवळ येताना चढा असलेला आवाज गाडी पुढे जाताच एकदम उतरतो. डॉप्लरने १८४२ मध्ये हा परिणाम मांडला आणि १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने आगगाडीत चक्क तुतारीवाले बसवून तो पडताळला. माझी पीएचडी याच परिणामावर चालणाऱ्या सोनोग्राफीच्या सिग्नलवर. त्यामुळे पुढची फजिती जरा जास्तच लागली.

मुलगी सात महिन्यांची असताना डॉक्टरांना तिच्या छातीत 'मर्मर' ऐकू आली. इको झाला. "निर्धोक आवाज आहे, काळजी नको," असं सांगून त्यांनी रिपोर्ट हातात दिला. बायको निवांत झोपली. मी रिपोर्ट वाचत बसलो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत, स्नायू सैल होतानाचा वेग : सेकंदाला ९ सेंटिमीटर. मोठ्या माणसांसाठीच्या २०१६ च्या नियमावलीत इथे १० पेक्षा कमी आकडा म्हणजे शंकेला जागा. झालं! सांगलीला आईला फोन करायचा धीर होईना. रात्रभर वाचत राहिलो.

मंडळी, हृदयाचा पहिला इको निघाला तो स्वीडनमधल्या लुंड इथे, २९ ऑक्टोबर १९५३ रोजी. रुमॅटिक तापाने खराब झालेली झडप ऑपरेशनआधी नीट कळावी म्हणून इंगे एडलर हे डॉक्टर धडपडत होते. त्यांना हेल्मुट हर्ट्झ हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भेटला. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र हर्ट्झने आधी माल्मोच्या जहाज कारखान्यात स्वतःच्या छातीला लावून पाहिलं होतं!

पण स्नायूचा वेग मोजायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. रक्त सेकंदाला साधारण मीटरभर धावतं, स्नायू काही सेंटिमीटर सरकतो, पण त्याचा प्रतिध्वनी रक्ताच्या कितीतरी पट दणदणीत. रक्त मोजणारी यंत्रं हा संथ सिग्नल कचरा म्हणून गाळून टाकत. १९९२ मध्ये एडिंबरात मॅकडिकन, सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तो 'कचरा' ठेवून घेतला आणि स्नायूची हालचाल रंगीत चित्रात दाखवली. (आम्हा सिग्नलवाल्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवायला हवी.)

पहाटे तीनच्या सुमारास हवा तो निबंध सापडला. आयडेम आणि सहकारी, २००४, अमेरिका. ३२५ निरोगी मुलं, तान्ह्या बाळांपासून अठरा वर्षांपर्यंतची. वर्षाच्या आतल्या बाळांची याच जागची सरासरी ९.७. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची २०.६! हृदय वाढतं तसा स्नायूचा पल्ला वाढतो, ठोके मंदावतात, आणि बाळाचा स्नायू मुळात मोठ्यांइतका झटकन सैल होत नाही. म्हणजे तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या पट्टीने मोजलं तर अर्धीअधिक निरोगी बाळं आजारी ठरतील.

असो. मला राहूनराहून ती ३२५ मुलं आठवतात. कुणालाच काही झालेलं नव्हतं. चुळबुळ करणाऱ्या, रडणाऱ्या पोराच्या छातीवर गार जेल लावून, मिनिटाला सव्वाशे ठोके पडत असताना भिंतीच्या एकाच बिंदूवर नेम धरणं किती जिकिरीचं, हे मला ठाऊक आहे. आणि त्यांच्या आईबापांना त्यातून काय मिळणार होतं?

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाचा तक्ता उघडला होता?" मी सांगितलं. बायको शेजारीच उभी होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.