सिक्वेन्सरच्या ठोक्याची कुळकथा

डिस्कोच्या काळातले इलेक्ट्रॉनिक चित्रपटसंगीत ओळखू येते ते त्याच्या खर्जातल्या धावत्या ठोक्यावरून. चार मात्रांत सोळा सूर, सगळे एकाच वजनाचे, आणि त्यांच्यावर सिंथेसायझरचे लांबवर ताणलेले, काहीसे उदास स्वर. हा ठोका म्युनिकच्या एका तळघरातल्या स्टुडिओत घडला, १९७७ साली नाचघरांत पोहोचला आणि दुसऱ्याच वर्षी पडद्यावर आला. आजही पाठलागाचे किंवा रात्रीच्या शहराचे दृश्य रंगवताना संगीतकार त्याच्याकडे वळतात.

विजेवर निघणारा आवाज चित्रपटांना त्याआधीही ठाऊक होता, पण त्याच्या वाट्याला बहुधा विचित्र आणि अमानवी गोष्टीच यायच्या. ‘स्पेलबाउंड’ (१९४५) मध्ये नायकाच्या मनाचा तोल ढळतो तेव्हा थेरेमिन हे विजेवरचे वाद्य वाजते. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) साठी लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने स्वतः जोडलेल्या सर्किटांतून परग्रहाचे आवाज काढले. श्रेयनामावलीत त्यांना ‘संगीत’ म्हटलेच नाही, ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असे म्हटले. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) मध्ये वेंडी कार्लोस यांनी बेथोव्हनची रचना सिंथेसायझरवर वाजवली, तीही एका हिंसक तरुणाच्या गोष्टीसाठी. या आवाजाला देह नव्हता. तो त्याला डिस्कोने दिला.

त्यासाठी लागणारे यंत्र १९६०च्या दशकातच तयार झाले होते. रॉबर्ट मूग यांचा मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे कपाटाएवढा, तारांनी भरलेला फलक. त्याला सिक्वेन्सर नावाचा भाग जोडता येई. सिक्वेन्सरवर आठ-आठ बटणांच्या ओळी असत. प्रत्येक बटण पिळून एक ठरावीक व्होल्टेज बांधायचे, म्हणजे एक सूर पक्का होतो. मग यंत्र ठरवून दिलेल्या गतीने एकेका बटणावरून पुढे सरकत राहते आणि आठव्यानंतर पुन्हा पहिल्यावर येते. वादकाचा हात थकतो, घाईत लय चढते. इथे तसे काही होत नाही.

जॉर्जो मोरोडर यांचा जन्म १९४० साली इटलीच्या उत्तरेकडील साउथ टायरोल भागातल्या ओर्टिसेई गावचा. म्युनिकमध्ये अराबेलाहाउस या इमारतीच्या तळघरात त्यांचा ‘म्युझिकलँड’ स्टुडिओ होता. इंग्लिश गीतकार पीट बेलॉट आणि अमेरिकन गायिका डॉना समर यांच्यासह त्यांनी काढलेल्या अल्बमचे शेवटचे गाणे होते ‘आय फील लव्ह’. आधीच्या गाण्यांत जुन्या दशकांच्या शैली होत्या आणि या गाण्यात भविष्याचा आवाज हवा होता. मूग सिंथेसायझर संगीतकार एबरहार्ड शोनर यांचा, आणि तो चालवणारे तंत्रज्ञ रॉबी वेडेल. वेडेल यांनी टेपच्या एका ट्रॅकवर आधी मार्गदर्शक ठोके भरून घेतले आणि पुढचा प्रत्येक थर त्या ठोक्यांना बांधला. म्हणूनच सगळे थर केसभरही न सरकता एकमेकांवर बसले.

या ध्वनिमुद्रणातल्या दोन गोष्टी नीट कान देऊन ऐकण्यासारख्या आहेत. खर्जाचा सूर एका बाजूच्या स्पीकरमधून येतो आणि त्याचाच प्रतिध्वनी क्षणभर उशिराने दुसऱ्या बाजूने. मूळ सूर कमीच आहेत, मधल्या फटी प्रतिध्वनीने भरल्यामुळे ठोका दुपटीने धावताना वाटतो. हेडफोनची एक बाजू काढून ऐकले की तो लगेच अर्धा होतो. दुसरी गोष्ट ढोलाची. झांजेचा आणि स्नेअरचा आवाज यंत्राच्या खरखरीतून गाळून मिळाला, पण बास ड्रमचा दणका मूगमधून मनासारखा निघेना. तेवढा भाग ड्रमवादक कीथ फोर्सी यांनी प्रत्यक्ष वाजवला. शिवाय मूगचे सूर थोड्याच वेळात उतरत, त्यामुळे तुकड्यातुकड्याने मुद्रण करून मध्ये पुन्हा सूर जुळवावा लागे. यंत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाण्यात माणसाचे कष्ट असे ठायी ठायी मुरले आहेत.

दिग्दर्शक ॲलन पार्कर यांनी हे गाणे ऐकले आणि ‘मिडनाइट एक्सप्रेस’ (१९७८) साठी मोरोडर यांच्याकडे त्याच धाटणीचे संगीत मागितले. चित्रपटाचा नायक अंगाला चरस बांधून तुर्कस्तानातून बाहेर पडू पाहणारा अमेरिकन तरुण. विमानतळावरच्या दृश्यात त्याच्या छातीची धडधड ऐकू येते. पुढे इस्तंबूलच्या गल्ल्यांतून तो पळतो तेव्हा ‘चेस’ ही रचना सुरू होते, आणि मघाची धडधडच जणू सिक्वेन्सरने उचलली आहे असे वाटते. वाद्यवृंद पाठलागात चढतो, उतरतो, कुठे घाबरायचे ते प्रेक्षकाला सांगतो. हा ठोका तसे काहीच सांगत नाही. तो फक्त थांबत नाही, आणि भीती प्रेक्षकाच्या स्वतःच्या देहात उभी राहते. या संगीताचे खरे सामर्थ्य इथे आहे.

१९७९ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मूळ संगीताचे ऑस्कर मिळाले. स्पर्धेत ‘सुपरमॅन’साठी जॉन विल्यम्स होते, ‘डेज ऑफ हेवन’साठी एन्यो मॉरिकोने होते. वाद्यवृंदाच्या दोन दिग्गजांना मागे टाकून एका डिस्को निर्मात्याने बाजी मारली. त्याच सुमारास दुसरीकडूनही वाट मोकळी होत होती. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी ‘हॅलोवीन’ (१९७८) चे संगीत सिंथेसायझर वापरून स्वतःच केले. इतक्या छोट्या खर्चाच्या चित्रपटाला वाद्यवृंद परवडणारच नव्हता.

जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोट करून उडवण्यात आल्या आणि अमेरिकेत डिस्कोची पत घसरली. पण नाचघरातून हुसकावलेला ठोका चित्रपटगृहात टिकला. ‘अमेरिकन जिगोलो’ (१९८०), ‘कॅट पीपल’ (१९८२), ‘स्कारफेस’ (१९८३) हे सगळे मोरोडर यांचेच. मोरोडर यांच्यासोबत काम केलेले हॅरल्ड फाल्टरमायर यांनी ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ (१९८४) ची ‘ॲक्सेल एफ’ ही धून बांधली.

हिंदी चित्रपटात डिस्को आला तो पार्श्वसंगीतातून कमी आणि गाण्यांतून जास्त. ‘कुर्बानी’ (१९८०) मधले गायिका नाझिया हसन यांचे गाणे संगीतकार बिद्दू यांनी लंडनमध्ये मुद्रित केले. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मुळे बप्पी लाहिरी यांचे सूर सोव्हिएत संघापर्यंत गेले. मुंबईत सिंथेसायझरने वादकांना हटवले नाही, तो त्यांच्या शेजारी येऊन बसला. मात्र एक प्रयोग याहून पुढचा होता. मुंबईत चित्रपटांसाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यात त्यांनी रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र वापरले. शिकागोतला ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार याच यंत्रावर उभा राहिला, पण तो काही वर्षांनी. ही तबकडी तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती नव्याने निघाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांनी ती उचलून धरली.

१९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी पद्धत रूढ झाली आणि तारांची कपाटे अडगळीत गेली. डिजिटल सूर उतरत नव्हता. त्याचबरोबर जुन्या सुरातली किंचित थरथरही गेली. पुढच्या पिढीला ओढ लागली ती नेमकी त्या थरथरीची. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ (२००१) या व्हिडिओ गेममधल्या एका रेडिओ केंद्रावर ‘स्कारफेस’ची गाणी वाजत आणि १९८३ नंतर जन्मलेली मुले ती प्रथम तिथेच ऐकत. ‘ड्राइव्ह’ (२०११) ने हा बाज पुन्हा मोठ्या पडद्यावर आणला. २०१३ साली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने मोरोडर यांचे आत्मकथन त्यांच्याच आवाजात एका गाण्यात गुंफले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ (२०१६) च्या शीर्षकसंगीतासाठी काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांना एमी पुरस्कार मिळाला, आणि त्यातही खर्जातले सूर सिक्वेन्सरच्या शिस्तीने एकामागून एक येतात.